न्यायालय कोठे थांबते?

भारताच्या राज्यघटनेने न्यायालयांना फार मोठा अधिकार दिला आहे, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्या अधिकाराला कोठेतरी कुंपणही आहे ही गोष्ट सहज विसरली जाते. अधिकार मोठा आहे यात शंका नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्य ठरतो असे १३ वे कलम सांगते. ३२ व्या कलमान्वये कोणताही नागरिक आपल्या मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावू शकतो, आणि २२६ व्या कलमाने उच्च न्यायालयांना तसाच, किंबहुना अधिक विस्तृत अधिकार दिलेला आहे. परंतु न्यायालयाचा निवाडा हा शेवटी एक कागद असतो. तुरुंगाचे कुलूप उघडणारा हात तुरुंगाधिकाऱ्याचा, हुकूम बजावणारा शिपाई सरकारचा आणि खर्चाला मंजुरी देणारे विधिमंडळ. सर्व मुलकी व न्यायिक अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करावे असे १४४ व्या कलमात लिहून ठेवावे लागले, ते उगाच नव्हे.

मग यांपैकी एखाद्याने त्या कागदाला मान देण्याचे नाकारले तर? एरवी हा प्रश्न विधी महाविद्यालयांच्या वर्गांत चर्चिला जातो. १९६४ च्या मार्च महिन्यात मात्र तो लखनौच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला, आणि पुढल्या वर्षभरात त्याचे जे उत्तर मिळाले ते आजही अभ्यासण्याजोगे आहे.

प्रकरणाचा उगम अगदी किरकोळ होता. गोरखपूरच्या केशव सिंग नावाच्या एका गृहस्थाने दोन सहकाऱ्यांसह एक पत्रक छापून प्रसिद्ध केले. त्या पत्रकात उत्तर प्रदेश विधानसभेच्या एका सदस्यावर आरोप होते. सदस्याने तक्रार केली, हक्कभंग समितीने चौकशी केली, आणि तिघांनाही सभागृहापुढे उभे करून कडक समज द्यावी असे ठरले. दोघे आले व समज घेऊन परत गेले. केशव सिंग आले नाहीत. गोरखपूरहून लखनौला येण्यास भाड्याचे पैसे नाहीत, असे त्यांनी कळविले. तेव्हा वॉरंट काढून त्यांना १४ मार्च १९६४ रोजी सभागृहात आणण्यात आले. अध्यक्षांनी नाव विचारले, उत्तर नाही. पुन्हा विचारले; तरीही नाही. केशव सिंग अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले. तशाच स्थितीत त्यांना समज देण्यात आली. त्यानंतर त्यांचेच तीन दिवसांपूर्वीचे एक पत्र अध्यक्षांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. पत्रकातील मजकूर खरा असल्याचे सांगून त्यांनी त्या पत्रात सभागृहाच्या हुकुमाला नादिरशाही फर्मान म्हटले होते. आता सभागृह संतापले. मुख्यमंत्री सुचेता कृपलानी यांनी ठराव मांडला, तो संमत झाला, आणि सात दिवसांच्या कैदेसाठी केशव सिंगांची रवानगी लखनौच्या तुरुंगात झाली.

गोष्ट एवढ्यावरच थांबती, तर आठवडाभरात सारे विसरून गेले असते. परंतु शिक्षा संपत आली असताना, १९ मार्चला, त्यांच्या वतीने एका वकिलाने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. अटकेत असलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करून अटकेचे कारण दाखवा, असे सांगणारा हा प्राचीन आदेश. इंग्रजी कायद्याकडून भारताने जे घेतले त्यात याहून मोलाचे क्वचितच काही असेल. दुपारी तीन वाजता सुनावणी घेण्याचे दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरले. तीन वाजता अर्जदाराचे वकील हजर होते; सरकारी वकील आले नाहीत. न्यायमूर्ती बेग व न्यायमूर्ती सहगल यांनी अर्ज दाखल करून घेतला आणि अंतिम निकाल लागेपर्यंत केशव सिंग यांना जामिनावर सोडण्याचा हुकूम दिला. सरकारी वकील का आले नाहीत, यावर पुढे पुष्कळ खल झाला. ते आले असते आणि त्यांनी विधानसभेची बाजू तेथेच मांडली असती, तर पुढचे महाभारत कदाचित टळलेही असते.

दोनच दिवसांनी, २१ मार्चला, विधानसभेने जो ठराव केला त्याला स्वतंत्र भारताच्या इतिहासात जोड नाही. केशव सिंग, त्यांचे वकील आणि उच्च न्यायालयाचे दोघे न्यायमूर्ती या चौघांनीही सभागृहाचा अवमान केला आहे. केशव सिंग यांना पुन्हा तुरुंगात टाकावे, आणि न्यायमूर्तींना व वकिलांना पकडून सभागृहापुढे आणावे, असे त्यात म्हटले होते. न्यायमूर्तींना हे वृत्त समजताच तेच अर्जदार बनले. ज्या न्यायालयात बसून ते इतरांचे अर्ज ऐकत, त्याच न्यायालयापुढे २२६ व्या कलमाखाली त्यांनी संरक्षण मागितले. २३ मार्च रोजी त्या दोघांखेरीज अठ्ठावीस न्यायमूर्तींचे पूर्णपीठ अलाहाबादला बसले आणि ठरावाच्या अंमलबजावणीला त्याने स्थगिती दिली. सभागृहाने २५ तारखेला थोडी माघार घेतली. अटकेची वॉरंटे मागे घेतली, पण न्यायमूर्तींनी येऊन खुलासा करावा हा आग्रह सोडला नाही.

आता पेच असा होता. सभागृहाचे म्हणणे, आमचा अवमान कशाने झाला हे ठरविणारे आम्हीच. न्यायालयाचे म्हणणे, माणसाला कायद्याने डांबले आहे की नाही हे पाहणारे आम्हीच. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी अगदीच निराधार नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. राज्यघटनेच्या १९४ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात असे लिहिले होते की, विधिमंडळाचे विशेषाधिकार कायद्याने निश्चित होईपर्यंत ते ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सच्या विशेषाधिकारांसारखे राहतील. तेव्हा लखनौमधील भांडणाचे उत्तर शोधण्यासाठी वेस्टमिन्स्टरच्या दप्तरात डोकावणे भाग होते.

आणि त्या दप्तरात एक विलक्षण प्रकरण आहे. हॅन्सर्ड या मुद्रकाने कॉमन्सच्या हुकुमावरून तुरुंग-निरीक्षकांचा अहवाल छापला. त्यात स्टॉकडेल नावाच्या प्रकाशकाच्या एका पुस्तकाला अश्लील ठरविले होते. स्टॉकडेलने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. सभागृहाचा हुकूम ही सबब पुरेशी नाही, असा निर्णय लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयाने १८३९ साली दिला. पुढच्या एका फिर्यादीत नुकसानभरपाई वसूल करण्याचे काम मिडलसेक्सच्या शेरीफांकडे आले. त्यांनी न्यायालयाचा हुकूम पाळला, आणि त्याबद्दल कॉमन्सने त्यांनाच अटकेत टाकले. शेरीफांनी त्याच न्यायालयाकडे धाव घेतली. १८४० साली न्यायाधीशांनी जड मनाने सांगितले की, वॉरंटात केवळ अवमान एवढेच कारण दिलेले आहे, तपशील दिलेला नाही. अशा मोघम वॉरंटाच्या मागे जाऊन आत काय आहे हे पाहण्याचा आम्हाला अधिकार नाही. आपलेच हुकूम पाळणाऱ्या अधिकाऱ्यांना न्यायालय सोडवू शकले नाही! अखेर त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून अशा अधिकृत प्रकाशनांना संरक्षण दिले, तेव्हा गाठ सुटली.

उत्तर प्रदेशच्या विधानसभेला नेमका हाच अधिकार हवा होता: वॉरंट मोघम असले की न्यायालयाने हात जोडून मागे सरावे.

केंद्र सरकारने या प्रसंगी शहाणपणाचा मार्ग पत्करला. १४३ व्या कलमान्वये राष्ट्रपती एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे मत मागू शकतात. २६ मार्च १९६४ रोजी राष्ट्रपतींनी पाच प्रश्न न्यायालयापुढे ठेवले. सात न्यायमूर्तींचे पीठ बसले. अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते. साताऱ्यात जन्मलेल्या या न्यायमूर्तींनी सरन्यायाधीशपदाची सूत्रे घेतली त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या वतीने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले आणि विधानसभेच्या वतीने होरमसजी सीरवई. दोघेही मुंबईच्या वकिलीचे भूषण. सीरवई यांनी आरंभीच स्पष्ट केले की, सभागृह न्यायालयाला साहाय्य म्हणून आपले म्हणणे मांडीत आहे. त्याचा अर्थ या वादाच्या क्षेत्रात न्यायालयाचा अधिकार सभागृहाला मान्य आहे असा कोणी घेऊ नये. न्यायालयासमोर उभे राहून न्यायालयाचा अधिकार नाकारण्याचा हा प्रकार आज ऐकताना गमतीचा वाटेल. तेव्हा तो पूर्ण गांभीर्याने मांडला गेला आणि तितक्याच गांभीर्याने ऐकून घेतला गेला.

३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने जे मत देण्यात आले, त्याचा गाभा असा आहे. ब्रिटनमध्ये पार्लमेंट सार्वभौम आहे. भारतात राज्यघटना सार्वभौम आहे. विधिमंडळ, शासन आणि न्यायालय या तिघांनाही तिनेच जन्म दिला आणि तिघांच्याही अंगणाला तिनेच कुंपण घातले. हाउस ऑफ कॉमन्स हे एकेकाळी स्वतः एक न्यायालय होते. त्या इतिहासातून मोघम वॉरंटाचा मान त्याला मिळाला. भारतातील विधानसभांना तो इतिहास नाही. म्हणून सभासद नसलेल्या नागरिकाला सभागृहाबाहेरील कृत्याबद्दल कैद केले गेले, तर ती कैद कायदेशीर आहे काय हे पाहण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. न्यायमूर्तींनी अर्ज दाखल करून घेतला यात अवमान नाही. शिवाय २११ व्या कलमाने न्यायमूर्तींच्या न्यायदानातील वर्तनाची चर्चाच विधिमंडळात करण्यास मनाई केली आहे. जेथे चर्चेला मनाई, तेथे शिक्षा कोठून येणार? न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. कॉमन्सचा अधिकार राज्यघटनेने जसाच्या तसा देऊ केला असेल तर त्यातला नकोसा भाग गाळून कसे चालेल, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. तो सहजासहजी झटकून टाकण्यासारखा नाही.

वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून हा न्यायालयांचा विजय म्हणून गाजला असेल, पण मताचे बारकाईने वाचन केले तर त्यात अधिकार सांगण्याइतकीच अधिकाराची सीमा आखण्याची काळजी घेतलेली दिसते. प्रश्न सभासद नसलेल्या माणसाचा व सभागृहाबाहेरील कृत्याचा आहे, तेव्हा उत्तरही तेवढ्यापुरतेच, असे न्यायालयाने बजावून ठेवले. सभागृहातील सदस्यांच्या वर्तनाला त्याने हात लावला नाही. २१२ व्या कलमाचा अर्थही त्याने नेमका केला. कामकाजात कार्यपद्धतीची चूक झाली एवढ्या कारणावरून न्यायालयाला त्यात पडता येणार नाही. कामकाज बेकायदा किंवा घटनाबाह्य असेल तरच दार उघडते. आणि शेवटी, अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा जो अधिकार न्यायाधीशांच्याही हाती असतो, तो रागाच्या भरात वारंवार वापरल्याने प्रतिष्ठा वाढत नाही, असा कानमंत्र न्यायालयाने स्वतःच्याच बांधवांना दिला. शिवाय हे सारे सल्ल्याच्या स्वरूपाचे मत होते. केशव सिंग यांचा मूळ अर्ज अजून उच्च न्यायालयात पडून होताच.

त्या अर्जाचे काय झाले हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १० मार्च १९६५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो फेटाळला. आपल्या अवमानाबद्दल कैदेची शिक्षा देण्याचा अधिकार विधानसभेला १९४ व्या कलमानेच मिळालेला आहे. तो अधिकार आहे एवढे दिसल्यावर, शिक्षा योग्य होती की अयोग्य, थोडी होती की फार, हे पाहणे न्यायालयाचे काम नव्हे, असा निर्णय झाला. केशव सिंग यांनी हजर होऊन उरलेली शिक्षा भोगावी, असा हुकूम निघाला. ज्या अधिकारासाठी अठ्ठावीस न्यायमूर्ती एकत्र बसले, राष्ट्रपतींना लेखणी उचलावी लागली आणि देशातील अग्रगण्य विधिज्ञांनी युक्तिवाद केले, तो अधिकार सिद्ध झाला. आणि ज्याच्या निमित्ताने तो सिद्ध झाला तो माणूस मात्र पुन्हा तुरुंगाच्या दाराशी गेला.

यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. न्यायालयाला तपासण्याचा अधिकार आहे याचा अर्थ न्यायालयाला जे रुचेल ते करण्याचा अधिकार आहे, असा होत नाही. न्यायाधीश विचारतो तो प्रश्न एवढाच: हे करण्याचा अधिकार यांना होता काय? करणे शहाणपणाचे होते काय, हा प्रश्न त्याच्या मनात येतो, यायलाच हवा. पण निकालपत्रात त्याला जागा नसते. एका मतपत्रकावर आणि एका उद्दाम पत्रावर रागावून माणसाला सात दिवस कोंडणे हे सभागृहाला शोभले नाही, असे कित्येकांना वाटले असेल. शोभण्याचा न्याय मात्र मतदार करतात.

हाच नमुना चाळीस वर्षांनी पुन्हा दिसला. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून २००५ च्या डिसेंबरमध्ये संसदेच्या अकरा सदस्यांना दोन्ही सभागृहांनी बडतर्फ केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जी यांनी न्यायालयाची नोटीस स्वीकारण्याचे नाकारले. सीरवई यांचे जुने शब्द जणू नव्या मुखातून आले. जानेवारी २००७ मध्ये बहुमताचा निर्णय झाला: संसदेची कृती घटनाबाह्य आहे काय हे न्यायालय तपासू शकते, तपासले, आणि बडतर्फीचा अधिकार संसदेला आहे असे आढळले. सदस्य बाहेरच राहिले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. विधानसभेच्या बारा सदस्यांना ५ जुलै २०२१ रोजी एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले होते. चालू अधिवेशनापलीकडे जाणारे निलंबन हा अधिकाराचा अतिरेक आहे, कारण त्यामुळे मतदारसंघ दीर्घकाळ प्रतिनिधीविना राहतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो ठराव रद्द केला. येथे कुंपण ओलांडले होते ते सभागृहाने.

परंतु अधिकारक्षेत्राच्या कुंपणाहून वेगळी अशी एक मर्यादा आहे, आणि ती कोणत्याही कलमात सापडत नाही. काही गोष्टी झाल्यावर परतवता येत नाहीत. महाराष्ट्रातील सत्तांतराच्या वादात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ११ मे २०२३ रोजी निर्णय दिला. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना सभागृहात बहुमत सिद्ध करण्यास सांगितले, ते समर्थनीय नव्हते, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. पण मुख्यमंत्र्यांनी मतदानाला सामोरे न जाता राजीनामा दिला होता. स्वेच्छेने दिलेला राजीनामा न्यायालय पुसून टाकू शकत नाही. म्हणून पूर्वीची स्थिती परत आणण्यास त्याने नकार दिला. सदस्यांच्या अपात्रतेचा प्रश्नही त्याने स्वतः न सोडविता विधानसभेच्या अध्यक्षांकडेच पाठविला, कारण दहाव्या परिशिष्टाने तो प्रथम त्यांच्याकडे सोपविला आहे. चूक दाखविता आली, दुरुस्त करता आली नाही. हा निर्णय कोणाला पसंत पडला व कोणाला नाही, हा राजकारणाचा भाग झाला.

संपूर्ण न्याय करण्यासाठी आवश्यक तो हुकूम देण्याचा अधिकार १४२ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाला दिला आहे, आणि मोह होतो तो येथे. संपूर्ण न्याय हे शब्दच असे आहेत की, कोणतेही कुंपण त्यांच्यापुढे ठेंगणे वाटावे. विधिमंडळाने संमत केलेली विधेयके राज्यपाल महिनोन्महिने अडवून ठेवतात, या तमिळनाडूच्या तक्रारीवर दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ८ एप्रिल २०२५ रोजी याच कलमाचा आधार घेतला. राज्यपाल व राष्ट्रपती यांना निर्णयासाठी मुदती घालून दिल्या आणि अडकलेल्या दहा विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले. तक्रार खरी होती, उपाय मात्र धाडसाचा. राष्ट्रपतींनी १९६४ सालचाच मार्ग धरला आणि १४३ व्या कलमाखाली चौदा प्रश्न विचारले. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिले की, घटनेत नसलेल्या मुदती न्यायालय घालू शकत नाही आणि राज्यपालांची संमती गृहीत धरण्याची कल्पनाही घटनेला परकी आहे. मात्र विनाकारण दीर्घ काळ स्वस्थ बसलेल्या राज्यपालांना निर्णय घ्या एवढे न्यायालय सांगू शकेल. काय निर्णय घ्या, हे नाही.

राहता राहिला विशेषाधिकारांचा मूळ प्रश्न. १९६४ च्या मतानंतर विधिमंडळांच्या पीठासीन अधिकाऱ्यांनी घटनादुरुस्तीची मागणी केली होती, पण केशव सिंग यांचा अर्ज फेटाळला गेल्यावर तिची निकड सरली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने १९४ व्या कलमातून हाउस ऑफ कॉमन्सचे नाव काढून टाकले. त्याच्या जागी, दुरुस्तीच्या वेळी जे विशेषाधिकार होते तेच पुढे चालू राहतील, असे शब्द आले. म्हणजे नाव गेले, वारसा राहिला. कायद्याने निश्चित होईपर्यंत, ही १९५० सालची तात्पुरती तरतूद अजूनही तात्पुरतीच आहे. संसदेने आपल्या विशेषाधिकारांची संहिता आजवर केलेली नाही. आपल्या अधिकाराची सीमा कागदावर उतरविली की न्यायालय ती वाचू लागेल, ही भीती विधिमंडळांना वाटते असे सांगतात. लेखी सीमा नसली तर न्यायालयाला ती स्वतः शोधावी लागते, याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही.